रेघ सारखी, अळी वेगळी

प्रश्न : गॅलरीतल्या कागदी लिंबाच्या नव्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा उमटल्यात, पानं वाकडी होतायत. जर्मनीत असलेल्या मुलीने तिथल्या बीच नावाच्या झाडाच्या पानाचा फोटो पाठवला, त्यावरही तशीच रेघ. कीड एकच का? पतंग पकडून पाठवू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कीड एक नाही. दोन्ही नागअळ्याच, म्हणजे पानाच्या पापुद्र्याखाली पोखरत जाणाऱ्या अळ्या; पण या जमाती खाण्याच्या बाबतीत भलत्याच चोखंदळ. त्यामुळे आधी झाड पक्कं करायचं, मग रेघ वाचायची. पतंगाच्या मागे लागू नका. पंख पसरूनही तो जेमतेम काही मि.मी. भरतो आणि चिमटीत धरला की नक्षी पुसलीच.

लिंबाचं पान मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. चंदेरी पट्ट्याच्या मधोमध विष्ठेची काळपट रेघ आणि शेवटी पानाची कड दुमडलेली असेल, तर ती फिलॉक्निस्टिस सिट्रेला ही लिंबावरची नागअळी. त्या दुमडीत कोष असतो. खात्री हवी असल्यास ते पान टिश्यूच्या कपट्यासह बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा. टिश्यू नुसता दमट हवा. ओला झाला तर आपल्या पावसाळी हवेत बुरशी आधी येते, पतंग राहतो बाजूला. पांढरे पंख, टोकाला काळा ठिपका दिसला की ओळख पटली. कधी पतंगाऐवजी बारीकशी गांधीलमाशी निघते. ती अळीवर जगणारी, म्हणजे तुमच्याच बाजूची. तिला सोडून द्या.

बीचवर मात्र उमेदवार बरेच. रेघ मधल्या शिरेजवळ सुरू होऊन दोन उपशिरांमध्येच वेडीवाकडी फिरत असेल, तर स्टिगमेला टिटिरेला. बहुतेकदा पानाच्या कडेने जात असेल, तर स्टिगमेला हेमार्गिरेला. रेघ नसून पानाच्या खालच्या बाजूला दोन शिरांमध्ये लांबट, अरुंद फुगवटा असेल, तर फिलोनोरिक्टर मेस्टिंगेला. फसगत होते ती इथे : रेघ कडेकडे जाऊन मोठ्या तपकिरी डागात मिसळते, शिवाय पानाला बारीक गोल भोकं असतात. तो पतंग नाहीच, ऑर्केस्टेस फागी हा सोंडेभुंगा. मुलीकडून पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा; नुसत्या वरच्या बाजूवरून नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

लिंबावर उपाय म्हणाल, तर अळी पापुद्र्याखाली असते, वरून फवारा मारून फारसं साधत नाही. निंबोळी अर्क मारायचाच, तर पालवी फुटत असतानाच मारा. जून पानांना ती सहसा शिवत नाही.