‘व्हल्नरेबल’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की लंडनमधल्या एका मराठी काकांना कौन्सिलचं (म्हणजे तिथल्या पालिकेचं) पत्र आलं, "तुम्ही बेघर आहात हे मान्य, पण व्हल्नरेबल नाही, म्हणून प्रायॉरिटी नीड (म्हणजे घर मिळण्यात अग्रक्रम) नाही", आणि हे त्यांना मराठीत समजावताना दुर्बल म्हणायचं, असुरक्षित म्हणायचं की अगतिक?

माझ्या मते तिन्ही नकोत. दुर्बल म्हटलं की आपल्याला लगेच 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' आठवतो आणि काका पगाराच्या स्लिपा शोधायला लागतील, इथे तर उत्पन्नाचा प्रश्नच नाहीये. असुरक्षित आणि अगतिक तर काय, रस्त्यावर आलेला कोणीही असतोच! इंग्लंडच्या १९९६ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये हा शब्द तुलनेचा आहे, म्हातारपण, मानसिक आजार, अपंगत्व वगैरे कारणांमुळे बाकीच्यांपेक्षा जास्त. (गरोदर बाई किंवा लहान मुलं सोबत असतील तर ही परीक्षाच नसते.)

आता 'बाकीचे' म्हणजे कोण, खरी भांडणं यावरच झाली. १९९८ च्या कॅम्डन कौन्सिलच्या केसपासून तुलना व्हायची 'साधारण बेघर माणसाशी', म्हणजे मग कौन्सिलवाले म्हणणार की बेघर लोकांत डिप्रेशन, व्यसनं कॉमनच असतात, तुमचं त्यात काय वेगळं? अजब लॉजिक, पण वर्षानुवर्षं चाललं. २०१५ मध्ये सदर्क आणि सोलिहल कौन्सिलच्या केसेसमध्ये सुप्रीम कोर्टात लॉर्ड न्यूबर्गर यांनी सांगितलं की तुलना करायची ती साधारण माणूस बेघर झाला तर त्याच्याशी. पण त्याच निकालात 'सिग्निफिकंटली' जास्त व्हल्नरेबल असा शब्द आला आणि नवा वाद सुरू, तो 'खूपच जास्त' असा वाचायचा का? २०१७ मध्ये अपील कोर्टाने नाही म्हटलं, बेघरपण निभावताना जाणवेल इतका फरक पडला की पुरे. त्यामुळे भाषांतरात 'खूप' किंवा 'अत्यंत' घालू नका, काकांचंच नुकसान आहे.

मी असं सांगेन: "घर गेलं तर चारचौघांपेक्षा ज्याला जास्त झळ बसेल असा माणूस." शब्द एकच पाहिजे असा हट्ट कशाला?

आणि 'कोर्टात अपील करू' असं लगेच म्हणू नका. आधी कौन्सिलकडेच रिव्ह्यू मागायचा, निर्णय कळल्यापासून २१ दिवसांत, तोही विरोधात गेला तर पुढच्या २१ दिवसांत काउंटी कोर्टात अपील, आणि तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. म्हणून डॉक्टरांची पत्रं रिव्ह्यूलाच जोडायची, आणि त्यांत नुसतं आजाराचं नाव नको, रस्त्यावर राहावं लागलं तर त्या आजाराचं काय होईल ते लिहून घ्या.