गोलीचे जुने पॅड, नवे पॅड आणि मधली पॉलिसी

प्रश्न: आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. मुलगा यंदा १२ वर्षांचा होईल आणि तीन वर्षांपासून आइस हॉकीत गोली, म्हणजे गोलरक्षक, म्हणून खेळतो. त्याचे पायाचे पॅड, ब्लॉकर (पक म्हणजे रबरी चकती अडवण्याचा हातमोजा), ट्रॅपर (ती झेलण्याचा हातमोजा) आणि चेस्ट प्रोटेक्टर दोन वर्षांपूर्वी ४५० डॉलरना वापरलेले घेतले होते. आता त्यांना असह्य वास येतो, एका पॅडचा पट्टा तुटला आहे आणि ब्लॉकरचा तळवा फाटला आहे. दुकानदार सफाई व दुरुस्तीचे २६० डॉलर सांगतो. नवा संच २,४०० डॉलरचा आहे; तो महिना २०० प्रमाणे बिनव्याजी १२ हप्त्यांत मिळेल. प्रशिक्षक म्हणतात की मुलात गुण आहेत, पुढे अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळू शकेल; तेव्हा ही गुंतवणूकच समजावी का? शिक्षणाची चिंता नाही, कारण त्याच्या नावाने चार वर्षांपासून महिना २०० डॉलरची पॉलिसी चालू आहे. (पॉलिसीच्या पानांचे फोटो सोबत पाठवले आहेत; माझ्या पतींचा विमा, घराचे कर्ज आणि पॉलिसी विकणारे गृहस्थ यांच्याबद्दलही सोबत लिहिले आहे.)

उत्तर: विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जुने सामान टाकू नका, आणि दुरुस्तीचे २६० डॉलरही सगळेच्या सगळे देऊ नका. माझा थोरला मुलगा सहा वर्षे गोली होता. त्यामुळे तुमच्या गॅरेजमध्ये सध्या काय दरवळत असेल याची मला पुरेपूर कल्पना आहे.

हा वास सामान जुने झाल्याचा नसून ओले राहिल्याचा असतो. सामना संपल्यावर मुलगा सगळे बॅगेत कोंबतो, बॅग गाडीच्या डिकीतून थेट गॅरेजमध्ये जाते, जानेवारीच्या थंडीत आतला घाम गोठतो आणि पुढच्या सरावाला तो वितळून पुन्हा फोममध्ये मुरतो. वासही त्या ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा आणि बुरशीचाच असतो, आणि त्यातून त्वचेचे संसर्गही होतात, म्हणून ही केवळ नाक मुरडण्याची बाब नाही. घरी पोहोचताच बॅग पूर्ण रिकामी करून सगळे सामान तळघरात पंख्यासमोर मांडणे, हा एवढाच नियम घरात पाळला असता तर दुकानदाराकडे जाण्याची वेळ आली नसती. मात्र फर्नेसला किंवा हीटरला टेकवून वाळवू नका. उष्णतेने चामडे तडकते आणि फोमचा गोंद सुटतो.

चेस्ट प्रोटेक्टर बाथटबमध्ये कोमट पाण्यात सौम्य डिटर्जंट घालून अर्धा तास भिजत ठेवावा आणि हाताने दाबत राहावे. पहिले पाणी टपरीवरच्या उकळलेल्या चहाच्या रंगाचे निघेल, दुसरे थोडे फिके. पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहा. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि पंख्यासमोर दोन दिवस टांगून ठेवा. ड्रायरमध्ये तर कधीच घालू नका. ब्लीच वापरू नका, कारण त्याने शिलाईचा धागा आणि इलॅस्टिक कमकुवत होते; वास हट्टी असेल तर पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून फवारावे. पायाचे पॅड मात्र पाण्यात बुडवायचे नसतात, कारण आत शिरलेले पाणी आठवडाभर बाहेर येत नाही. त्यांची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसावी, पकचे काळे डाग मेलामाइनच्या स्पंजने घासावेत आणि व्हेल्क्रोत अडकलेला कचरा जुन्या कंगव्याने काढावा, म्हणजे सुटणारे पट्टे पुन्हा धरू लागतात. ब्लॉकरचा तळवा घामाने पापडासारखा कडक होऊन तडकतो. तो बदलून घेता येतो आणि तुटलेला पट्टा तर सुटा विकत मिळतो. या दोन कामांचे साधारण १२० डॉलर द्या. धुण्याचे काम घरी करा.

आता कंजुषी कुठे करू नये तेही सांगतो. पॅडच्या गुडघ्याच्या भागावर अंगठा जोरात दाबून पाहा. फोम वर उसळला नाही तर तो मेला आहे. चेस्ट प्रोटेक्टर धुतल्यानंतरही फोमच्या आत काळी बुरशी दिसली, किंवा सामन्यानंतर मुलाच्या छातीवर अथवा खांद्याच्या हाडाजवळ निळे डाग उठू लागले, तर तेवढा एक प्रोटेक्टर नवा घ्या, अख्खा संच नव्हे. मास्कबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून मुद्दाम विचारतो: कवचाला बारीकशी चीर किंवा जाळीला पोचा असेल, तर दुरुस्तीचा विचार न करता तो बाद करा. मानेचा पट्टा हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे बीएनक्यू (क्यूबेकची मानक संस्था) प्रमाणित असावा लागतो, तेही तपासा. एकशे सत्तर ग्रॅमच्या आसपास वजनाचा कडक रबराचा पक डोक्याच्या दिशेने येत असताना दीडशे डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

नवा संच घेऊ नये याचे खरे कारण मात्र फुटपट्टीवर आहे. पॅडचे माप घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या लांबीवर ठरते आणि मुलाचा गुडघा पॅडमधल्या ठरलेल्या जागीच बसावा लागतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वर्षाभरात दोन-तीन इंच सहज वाढतो. आज घेतलेला २,४०० चा संच पुढल्या हिवाळ्याच्या अखेरीस आखूड पडेल, आणि तेव्हा कोणीतरी तो तुमच्याकडून हजाराच्या आतच मागेल. ज्या वस्तूची किंमत दीड वर्षात निम्म्याहून खाली येते तिला गुंतवणूक म्हणू नये. तो खर्च आहे, आणि मुलाला खेळाची हौस आहे म्हणून आनंदाने करावा, पण खर्च म्हणूनच वहीत लिहावा. या खर्चावर करसवलत मिळेल असे कोणी सांगत असेल, तर मुलांच्या खेळावरची केंद्राची सवलत २०१७ पासून बंद आहे, हेही त्यांना सांगा.

तुमच्या पत्रातले मला अस्वस्थ करणारे वाक्य मात्र पॅडबद्दल नव्हते. ‘शिक्षणाची चिंता नाही’ हे ते वाक्य.

पाठवलेली पाने मी दोनदा वाचली. तुम्हाला विकलेली वस्तू शिक्षण योजना नाही. ती बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यावरची होल लाइफ, म्हणजे आयुष्यभराची, विमा पॉलिसी आहे. तुम्ही आजवर ९,६०० डॉलर भरलेत आणि आज ती मोडली तर २,१०० हातात येतील. मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत एकूण २४,००० भरून झाल्यावर हमी असलेल्या रकान्यात १५,००० लिहिले आहेत. शेजारच्या रकान्यातला मोठा आकडा लाभांशाच्या अंदाजावर उभा आहे, आणि त्याची हमी नाही हे तळाला बारीक अक्षरांत छापलेले आहे. विकणारे गृहस्थ ओळखीचे होते आणि घरी जेवायला येत असत, असे तुम्ही लिहिता. पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा भाग कमिशनमध्ये जातो, हे त्यांनी जेवताना सांगितले होते का? मुलाला पुढे आजार झाला तरी विमा मिळत राहील, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही, पण त्यासाठी एवढी किंमत मोजण्याची तुमच्या घराची ऐपत नाही.

विमा कमावत्या माणसाचा काढायचा असतो, आणि मुलगा काहीच कमावत नाही. घर ज्यांच्या पगारावर चालते त्या तुमच्या पतींना कंपनीकडून फक्त एका वर्षाच्या पगाराइतके संरक्षण आहे, तेही नोकरीसोबत जाणारे, आणि घराचे कर्ज ४ लाख २० हजार बाकी आहे. म्हणजे ज्याच्या मृत्यूने घराच्या उत्पन्नात एक डॉलरचाही फरक पडणार नाही त्याचा विमा आहे, आणि ज्याच्या मृत्यूने घर विकावे लागेल त्याचा जवळपास नाही. ४२ वर्षांच्या, धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाला २० वर्षांचा ५ लाखांचा टर्म विमा महिना ६० डॉलरच्या आसपास पडेल असे धरून चाला. कर्ज पाहता हे किमान आहे. तुमच्याही नावाने थोडा विमा असावा.

शिक्षणासाठी या देशात आरईएसपी नावाचे बचत खाते आहे आणि तुम्ही ते उघडलेलेच नाही. वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार त्यावर २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर अनुदान टाकते. एका मुलाला आयुष्यभरात मिळून ७,२०० पर्यंत. तुमचा मुलगा इथेच जन्मला आहे, म्हणजे जन्मवर्षापासून आजवर १३ वर्षांचे ६,५०० डॉलर अनुदान त्याच्या नावावर पडून आहे. गेलेली वर्षे भरून काढता येतात, पण एका वर्षी एकच मागचे वर्ष. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० भरून १,००० अनुदान. अनुदान १७ वर्षे पूर्ण होतील त्या वर्षाअखेरपर्यंतच मिळते. तुमच्या हातात सहा वर्षे आहेत, म्हणजे कितीही धावपळ केली तरी ६,००० च मिळतील. १,२०० डॉलर गेले, ते परत येणार नाहीत. अजून एक वर्ष घालवले तर आणखी हजार जातील.

आता हिशोब, ठोकळ आकड्यांत. पॉलिसी मोडून २,१०० घेतले आणि तेच महिना २०० सहा वर्षे आरईएसपीत भरले, तर तुमचे १६,५०० आणि सरकारचे ३,३०० मिळून १९,८०० होतात, एका पैचीही वाढ न धरता. पॉलिसीची हमी १५,००० ची आहे. लाभांशाच्या आशेवर हा फरक भरून निघेल असे कोणी म्हणाले, तर त्याला ते लिहून द्यायला सांगा.

प्रत्यक्षात मी असे करीन. पॉलिसीच्या २०० पैकी ६० पतींच्या टर्म विम्याला द्या, उरले १४०. नव्या पॅडच्या हप्त्यासाठी तुम्ही दरमहा २०० काढायला तयार होतात, ते त्यात मिळवा. पुढेही तेवढे बाजूला पडतील असे मी गृहीत धरतो, कारण दर दीड-दोन वर्षांनी नवा संच घेण्याची सवय तुम्हाला लागणारच होती. दरमहा ३४०, वर्षाला ४,१०० च्या आसपास, त्यावर अनुदान सुमारे ८२०. सहा वर्षांत, पॉलिसीचे २,१०० धरून, ३२,००० च्या जवळ जाल. ओंटारिओतल्या चार वर्षांच्या पदवीच्या शुल्काचा मोठा भाग त्यात निघेल. यंदा ५,००० पेक्षा जास्त भरू नका, कारण वरच्या रकमेवर अनुदान नाही. उरलेले पुढच्या जानेवारीत भरा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पतींची टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात येऊ द्या, मगच मुलाची मोडा. मोडण्याच्या रकमेचा आकडा कंपनीकडून लेखी मागवा. नफा नसल्याने त्यावर कर लागणार नाही; भरलेले ७,५०० डॉलर गेल्याचे दुःख मात्र होईल, आणि ते सोसण्याऐवजी आणखी १४,४०० भरणे हा उपाय नाही. आरईएसपी आपल्या बँकेत उघडा. वासावर राहून पॉलिसी विकणारे ते गृहस्थ पुन्हा येतील आणि नोंदणी शुल्क आधीच कापून घेणारी सामूहिक शिष्यवृत्ती योजना दाखवतील. त्यांना चहा द्या, सही देऊ नका. सहा वर्षांचाच काळ आहे, म्हणून सगळे शेअरमध्ये नको. आज निम्मे-निम्मे ठेवा आणि मुलगा पंधराचा झाला की हळूहळू जीआयसीकडे, म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीकडे, वळवा. तो पुढे शिकलाच नाही तर अनुदान परत जाते, तुमचे मूळ पैसे तुमचेच राहतात.

राहिला शिष्यवृत्तीचा विषय. अमेरिकेत पहिल्या श्रेणीचे पुरुष महाविद्यालयीन संघ साठाहून थोडे अधिक आहेत. प्रत्येकी तीन गोली आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम धरला, तर साऱ्या जगासाठी वर्षाला पन्नासच्या आसपास जागा रिकाम्या होतात, आणि त्यांतली प्रत्येक पूर्ण शिष्यवृत्तीची नसते. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर (तरुणांच्या वरच्या पातळीवरील लीगच्या) संघांतले खेळाडूही तिथे खेळू शकतात, म्हणजे रांग आणखी वाढली. एनएचएल या व्यावसायिक लीगचे ३२ संघ, प्रत्येकी दोन गोली; ती बेरीज तुम्हीच करा. मुलाने खेळू नये असे मी म्हणत नाही. प्रशिक्षकाचे कौतुक घरच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला लिहू नका, एवढेच म्हणतो.

या शनिवारी मुलाचा सिन (सरकारी सामाजिक विमा) क्रमांक शोधून ठेवा, त्याशिवाय खाते उघडत नाही. त्याच दिवशी बाथटब मोकळा असेल तर चेस्ट प्रोटेक्टर भिजत घाला, पण धुण्याचे काम मुलाला करू द्या. तुम्ही शेजारी बसून टर्म विम्याचे दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. ट्रॅपर पूर्ण वाळला की त्याच्या खोबणीत एक चेंडू ठेवून वरून पट्टा बांधा, नाहीतर त्याचा आकार बिघडतो.