ट्रकखालून गेलेला माणूस वाचला कसा?

लहानपणी पाहिलेला आणि अजून डोक्यातून न गेलेला एखादा स्टंट कळवा, त्यामागचं गणित आम्ही सांगतो, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं न छापण्याची विनंती बऱ्याच जणांनी केल्यामुळे फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : शाळेत असताना गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणला होता. त्यावर हॅट घातलेला, चाबूकवाला नायक पाहिला. धावत्या ट्रकच्या तोंडाला लोंबकळतो, सरकत खाली जातो, मागच्या बाजूने चाबकाला धरून फरफटतो आणि परत वर चढतो. पोरांत दोन तट पडले होते, खरं की कॅमेऱ्याची करामत? वाद अजून मिटलेला नाही. (सेलू, जि. परभणी)

दोन्ही तटांना निम्मे निम्मे गुण. चित्रपट ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’, साल १९८१, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. ट्रकचा हा प्रसंग ट्युनिशियात चित्रित झाला. ट्रकखालून गेला तो टेरी लिओनार्ड नावाचा स्टंटमन. मागे फरफटण्याच्या काही शॉटमध्ये मात्र नायक हॅरिसन फोर्ड स्वतः होता आणि बरगड्यांना चांगलाच मुका मार बसवून घेतला. म्हणजे माणूस खरा, ट्रकही खरा. करामत केली होती ती रस्त्यात, ट्रकच्या उंचीत आणि वेगात.

आधी उंचीचं बघू. पाठीवर झोपलेल्या माणसाची छाती जमिनीपासून नऊ-दहा इंच वर येते. त्यात गुडघा जरा वाकला किंवा मान उचलली की आणखी पाच-सहा इंच जातात. ट्रकखाली सगळ्यात खाली असतो तो मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा, आणि तो असतो बरोबर मधोमध, म्हणजे माणसाच्या नाकासमोर. म्हणून हा ट्रक नेहमीपेक्षा उंच बांधून घेतला होता आणि शिवाय रस्त्याच्या मध्यभागी लांबलचक चर खणला होता. चराचे दोन फायदे होतात. वर जागा मिळते हे उघडच आहे. दुसरा फायदा पटकन लक्षात येत नाही : चराच्या काठांमुळे अंग आडवं होऊन चाकाकडे सरकत नाही. अशा स्टंटमध्ये जीव जायला वरचं लोखंडच लागतं असं नाही, बाजूचं चाकही पुरतं.

मग वेग. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रं) घेतो आणि पडद्यावरही तेवढ्याच दाखवल्या जातात. घेताना २० च घेतल्या आणि दाखवताना २४ दाखवल्या, तर सगळं सव्वापटीच्या आसपास वेगाने घडताना दिसतं. २५ किलोमीटरने जाणारा ट्रक ३० ने गेल्यासारखा वाटतो. हा प्रसंगही अशाच कमी चौकटींत घेतला होता. फार कमी केल्या तर हातपाय बाहुलीसारखे तुटक हलतात आणि चोरी पकडली जाते.

चौथी गोष्ट ड्रायव्हर. लिओनार्डची अट होती की स्टिअरिंगवर त्याचा विश्वासाचा साथीदार ग्लेन रँडल हवा. लहरीपणा नव्हता हा. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं, म्हणजे नेमकं ज्या जागेखालून माणूस सरकतोय तिथलीच उंची कमी होते. घाबरून ब्रेक मारणारा ड्रायव्हर इथे सगळ्यात धोक्याचा.

या स्टंटचा गाजलेला पूर्वज १९३९ सालचा. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये याकिमा कनट हा स्टंटमन सहा घोड्यांच्या गाडीच्या पुढच्या जोडीवर उडी घेतो, गोळी लागल्याचा अभिनय करत घोड्यांच्या मधल्या दांडीला लोंबकळतो आणि हात सोडतो. घोडे आणि गाडी दोन्ही बाजूंनी आणि वरून निघून जातात. कनटचा आग्रह होता की घोडे भरधाव सोडायचे. ऐकायला उलटं वाटतं, पण घोडा वेगात असला की सरळ रेषेत धावतो. दुडक्या चालीत तो डावी-उजवीकडे झुलतो आणि मधल्या माणसावर खूर पडतो. सोडताना पाय जोडलेले, हात अंगाशी, अंग ताठ. लिओनार्डने हीच घोडागाडीची करामत ‘द लीजंड ऑफ द लोन रेंजर’ या चित्रपटासाठी केली, तेव्हा गाडी त्याच्या पायांवरून गेली. त्यानंतर तो ट्रकखाली गेला, हे लक्षात घ्या. इतक्या मुरलेल्या माणसालाही पहिल्यांदा जमलं नव्हतं.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून रील बनवतो. उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीखालून असा शॉट घ्यायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (माजलगाव, जि. बीड)

घेऊ नका. नुसतं ‘नको’ म्हणून तुम्ही ऐकणार नाही, म्हणून कारणं देतो.

सिनेमातला ट्रक म्हणजे एकच सांगाडा. सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांच्याच रेषेत चालतात. ट्रॉली पिनेवर अडकवलेली असते. ट्रॅक्टर जरासा वळला तरी ट्रॉलीचं चाक आतून, वळण कापून येतं. शेतरस्त्यावर आपल्याकडे सरळ पन्नास फूट तरी मिळतात का, सांगा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे ट्रॅक्टर थांबला तरी मागचं वजन ढकलत येतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली दांडी खाली असते, ती कोणत्याही छातीला लागेल. आणि ड्रायव्हरला खालचं काहीच दिसत नाही. फटफट आवाजात तुमची हाकही त्याला ऐकू जाणार नाही.

शॉट मात्र मिळू शकतो. तो तीन तुकड्यांत घ्या. एकाही तुकड्यात चालती गाडी आणि माणूस जवळ येत नाहीत.

पहिला तुकडा चाकाचा. फोन स्टँडवर, रस्त्यापासून पंधरा-वीस फूट बाजूला, झूम करून. लेन्स जमिनीपासून सहा इंचांवर ठेवली की २० च्या वेगाने जाणारा ट्रॅक्टरही अंगावर आल्यासारखा दिसतो. आसपास कुणी नाही, फोनजवळही नाही. रेकॉर्डिंग चालू करून बाजूला व्हा.

दुसरा तुकडा खालचा चेहरा. ट्रॉली रिकामी, सपाट जागी उभी, इंजिन बंद, किल्ली झोपणाऱ्याच्याच खिशात, सगळ्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी. जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली अजिबात जायचं नाही. आता गंमत सावलीची आहे. उन्हाच्या बाजूला दोघं उभे करा आणि त्यांच्या हातात पालेदार फांदी नाहीतर पोतं द्या. एकाने ते चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडातून झटकन आडवं न्यायचं, की लगेच दुसऱ्याने. सेकंदाला तीन-चार वेळा सावली सरकली की उभी ट्रॉली धावायला लागते. चौकट इतकी घट्ट ठेवा की जमीन दिसू नये, कारण जमीन हलत नाही हे प्रेक्षक लगेच ओळखतो. फोन हातात धरून थोडा थरथरवला तरी चालेल. धूळ हवी असेल तर ती चेहऱ्यावर न फेकता फोन आणि चेहऱ्याच्या मधून उडवा.

तिसरा तुकडा फरफटण्याचा. इथे गाडीच नको. दोर ओढायला चौकटीबाहेर तिघं, तेही चालत. पालथा पडलेला माणूस दोर नुसता धरतो. मनगटाला वेटोळं घ्यायचं नाही, कारण बोटं उघडली की सुटका झाली पाहिजे. शर्टाच्या आत छाती-पोटावर जुनं रेक्झिन आणि त्याखाली गोणपाटाची दुहेरी घडी, कोपर-गुडघ्यांना क्रिकेटचे पॅड. सगळ्यात जास्त फसतात लोक जागेत. उन्हाळ्यातलं काळं रान टीव्हीवर मऊ दिसतं, पण ढेकळं दगडासारखी असतात, भेगेत बोट अडकून मुरगळतं, आणि तूर किंवा कापूस काढलेल्या वावरातली धसकटं तिरकी कापलेली असतात, सरळ पोटात घुसतात. बारीक मातीचं गायरान बघा, वीस-पंचवीस फुटांचा पट्टा झाडूने झाडा आणि सराटे हाताने वेचा. पावसानंतर लगेच नको; काळी माती चिकटते, माणूस सरकतच नाही आणि ओढणाऱ्यांचा जोर त्याच्या खांद्यावर येतो.

फोनमध्ये ३० चौकटींवर घ्या आणि एडिटिंगमध्ये वेग १.२ पट करा, १.२५ च्या वर जाऊ नका. प्रत्येक तुकडा एक ते दीड सेकंदच ठेवा.

प्रश्न : यात्रेतल्या तंबूत आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथून नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा. घरी टीव्हीवर तोच सिनेमा पाहिला तर उजवा हात! (लोहा, जि. नांदेड)

पातळ कापडाच्या पडद्यातून चित्र आरपार दिसतं, आणि मागून पाहिलं की डाव्याचं उजवं होतं. पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसली असणार, फक्त तलवार चालू असताना पाटी कोण वाचतो! अमिताभ बच्चन मूळचे डावखुरे, त्यामुळे मागच्या बाजूच्या मंडळींना ते उजव्या हाताने ठोसे मारताना दिसले असतील.

प्रश्न : आजी सांगायची की तिच्या तरुणपणी एक गोरी बाई रेल्वेच्या टपावर गुंडांशी मारामारी करायची. आम्ही हसण्यावारी नेलं. असं काही होतं का? आणि ‘शोले’तला टांगा हेमा मालिनीनेच पळवला का? (परळी वैजनाथ)

आजीचं खरं. ती नादिया. मूळची ऑस्ट्रेलियातली, खरं नाव मेरी इव्हान्स. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ चा आणि रेल्वेच्या टपावरची मारामारी ‘मिस फ्रंटियर मेल’मधली, १९३६ ची. स्टंट ती स्वतः करायची. त्या काळी गाडीवर वाफेचं इंजिन असायचं, टपावर धूर आणि डोळ्यांत कोळशाचे कण, पण डोक्यावर तार नव्हती. आज मराठवाड्यातल्या अनेक मार्गांवर २५ हजार व्होल्टची तार आहे आणि तिला हात लावायचीही गरज पडत नाही; जवळ गेलं तरी ठिणगी अंगात उतरते. उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढणारी पोरं अशीच जातात.

‘शोले’त (१९७५) बसंतीच्या धोक्याच्या शॉटसाठी रेश्मा पठाण होत्या. त्या काळात स्टंट करणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. याच चित्रपटातली रेल्वेची लढाई पनवेलजवळच्या मार्गावर घेतली आणि तिच्यासाठी ब्रिटनहून स्टंटवाले बोलावले होते.

प्रश्न : जुन्या सिनेमात घोडागाडी पुढे धावते आणि चाक उलटं फिरतं. लहानपणी वाटायचं, टॉकीजवाल्याने रीळ उलटी लावली. (उदगीर, जि. लातूर)

रीळ उलटी असती तर घोडेही मागे धावले असते! कारण पुन्हा २४ चौकटींचंच. समजा चाकाला १२ आरे आहेत आणि व्यास चार फूट, म्हणजे घेर साधारण साडेबारा फूट. एका चौकटीपासून दुसरीपर्यंत प्रत्येक आरा बरोबर पुढच्या आऱ्याच्या जागी पोचला, तर आपल्याला काहीच हललेलं दिसत नाही, चाक थिजतं. असं व्हायला चाकाचे सेकंदाला दोन फेरे व्हावे लागतात, म्हणजे २५ फूट, तासाला सुमारे २७ किलोमीटर. वेग याहून जरा कमी असला की आरा पुढच्या जागेच्या थोडा अलीकडेच राहतो आणि डोळा समजतो की चाक मागे सरकलं. जरा जास्त असेल तर चाक सावकाश पुढे फिरताना दिसतं. बैलगाडी चार-पाच किलोमीटरने चालते, म्हणून तिचं चाक सिनेमातही शहाण्यासारखं फिरतं. शंकरपटाचं मोबाइलवरचं चित्रण पाहा, तिथे मात्र गफलत दिसेल.

प्रश्न : मोटारसायकलवरून काटेरी तारेचं कुंपण ओलांडणारा सैनिक आठवतो. गाडीला काय जोडलं होतं? किती वेग लागतो? (औंढा नागनाथ)

‘द ग्रेट एस्केप’, १९६३. जोडलं काही नव्हतं. गाडी ब्रिटिश ट्रायम्फ टीआर ६, जर्मन लष्करी रंग फासलेली. कथा दुसऱ्या महायुद्धातली आणि गाडी साठच्या दशकातली, ही चूक जाणकारांना आजही खुपते. उडी नायक स्टीव्ह मॅक्वीनची नव्हे, त्याचा मित्र बड एकिन्सची, लांबी सुमारे ६० फूट. सुटण्याची आणि पडण्याची जागा एका पातळीत धरली आणि उडीच्या चढाचा कोन २० अंश घेतला, तर ६० फुटांना तासाला साधारण ६० किलोमीटर वेग लागतो. कोन ३० केला तर ५२ पुरतात, पण मग गाडी जास्त उंच जाते आणि आपटतेही तितक्याच जोरात. फसतं ते हवेत थ्रॉटल सोडल्याने : मागचं चाक मंदावलं की पुढचं खाली झुकतं आणि गाडी नाकावर पडते.

तारेवरचे काटे रबराचे होते, छोट्या पट्ट्या गाठ मारून बांधलेले. उडी सोडली तर बाकीची बरीचशी गाडी मॅक्वीनने स्वतः चालवली, आणि त्याच्यामागे लागलेल्या जर्मन शिपायांपैकी एकाच्या वेशातही काही शॉटमध्ये तोच आहे.