उटण्याचे पाऊच आणि बादलीतली परीक्षा

गेल्या अंकात घरगुती सौंदर्यप्रसाधनांवर लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार नाशिककरांची आहेत, आणि चारही पत्रांचा रोख आतल्या मालापेक्षा बाहेरच्या पाऊचवर आहे. ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पंचवटीत आमचा दहा जणींचा बचत गट आहे. दिवाळीआधी दोन महिने आम्ही उटणे करतो आणि वर्षभर मुलतानी मातीचा लेप व साबणाच्या वड्या विकतो. आजवर उटणे साध्या पारदर्शक पिशवीत भरत होतो. यंदा प्रदर्शनात स्टॉल मिळाल्यामुळे तपकिरी क्राफ्ट कागदाचे झिपरवाले पाऊच घ्यावे असा विचार आहे. विक्रेता ते ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असल्याचे सांगतो, तर दुसरा एक जण ‘खत होणारे’ पाऊच दाखवतो. दोन्ही साध्या पाऊचपेक्षा बरेच महाग आहेत. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण फसवणूक नको. काय घ्यावे?

उत्तर : क्राफ्ट पाऊचचा एक नमुना मागून घ्या, तो कात्रीने उभा कापा आणि रात्रभर बादलीत भिजत ठेवा. सकाळी अंगठ्याने चोळलात की वरच्या कागदाच्या वळकट्या होऊन निघू लागतील आणि हातात एक पातळ, बहुधा चंदेरी फिल्म उरेल. चंदनाच्या पावडरीचे असे एक पाऊच मी घरी भिजवून पाहिले होते. कागद गेल्यावर जे उरले ते झिपरसकट अखंड प्लॅस्टिकचे पाऊच होते, आणि त्यात पुन्हा उटणे भरता आले असते.

यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही. कित्येकदा त्यालाही ठाऊक नसते. कागदाला ना ओल अडवता येते ना वास, त्यामुळे आतून पॉलिथिलीनचा थर द्यावाच लागतो, आणि पुष्कळदा कागद व पॉलिथिलीन यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पॉलिस्टरही असते. कागदाच्या गिरणीला ही फिल्म नको असते आणि प्लॅस्टिकचे दाणे पाडणाऱ्याला कागद नको असतो, त्यामुळे वेगवेगळे असताना दोघांच्याही उपयोगी पडले असते ते पदार्थ एकमेकांना चिकटल्याने कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीविषयी, म्हणजे प्लॅस्टिकचे पॅकिंग बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची सोय लावण्याविषयी, केंद्र सरकारने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत लवचीक प्लॅस्टिकचे पाऊच दुसऱ्या वर्गात आहेत, आणि प्लॅस्टिकला कागद किंवा ॲल्युमिनियम यांसारख्या प्लॅस्टिकेतर पदार्थाचा थर जोडला की तेच पाऊच तिसऱ्या, म्हणजे बहुस्तरीय वर्गात जाते. तपकिरी रंगाने तुमचे उटणे ‘निसर्गाजवळचे’ दिसेल खरे, पण पाऊच एक पायरी खालीच उतरेल.

‘खत होणाऱ्या’ पाऊचचा दावा त्या मानाने तपासता येण्याजोगा आहे. आयएस १७०८८ हे भारतीय मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र, या दोन्हींची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा. प्रमाणपत्र खरे निघाले तरी हे प्लॅस्टिक विरते ते ५८ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता आणि ओल टिकून राहणाऱ्या खतप्रकल्पात, परसातल्या खड्ड्यात किंवा गोदावरीच्या पाण्यात नव्हे. तुमचे गिऱ्हाईक ते घंटागाडीच्या कोणत्या कप्प्यात टाकणार? ओल्यात टाकले तर वेचणारा माणूस प्लॅस्टिक समजून ते उपसून काढील, आणि सुक्यात टाकले तर ते चांगल्या पॉलिथिलीनमध्ये मिसळून त्याचा कस घालवील. शिवाय मक्यासारख्या पिकांपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक बाष्प फारसे अडवत नाही, तेव्हा पावसाळ्यात त्यातला मुलतानी मातीचा लेप गठ्ठा धरील. आणि नुसतेच ‘विघटनशील’ लिहिलेले, म्हणजे साध्या प्लॅस्टिकमध्ये एखादे रसायन मिसळून त्याचा भुगा होऊ देणारे पाऊच कोणी दाखवले, तर ते मुळीच घेऊ नका. अशा ऑक्सो-विघटनशील प्लॅस्टिकचे बारीक कण होतात, ते नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे.

मग घ्यावे काय? दुधाची पिशवी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात थर असले तरी ते पॉलिथिलीनचेच असतात, म्हणून भंगारवाला ती घेतो. तुमच्या लेपासाठी असेच एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे, बाहेरून आतपर्यंत पॉलिथिलीनचे, झिपरही पॉलिथिलीनचेच असलेले पाऊच मागा. बाजारात याला ‘मोनो पीई’ म्हणतात. त्यावर मोठी गडद छपाई न करता लहानसे स्टिकर लावा, आणि तेही शक्यतो पॉलिथिलीनचेच असू द्या. १०० मायक्रॉनच्या पॉलिथिलीनचे वजन चौरस मीटरला साधारण ९२ ग्रॅम भरते. त्या हिशेबाने १२ बाय १८ सेंटिमीटरचे पाऊच जेमतेम ४ ग्रॅमचे होते. तेवढाच माल मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीच्या वजनाशी तुलना करून पाहा.

उटण्याची गोष्ट वेगळी आहे. ते पावसाळ्याच्या अखेरीस तयार होऊन दिवाळीत संपते, त्यामुळे वर्षभर वास कोंडून ठेवणारे चंदेरी अस्तर त्याला लागतच नाही. कागदी खोका आणि आत न चिकटवलेली, सील केलेली पातळ पॉलिथिलीनची पिशवी एवढे पुरेसे आहे. खोका रद्दीत जाईल, पिशवी प्लॅस्टिकमध्ये जाईल, आणि हा निवाडा गिऱ्हाइकाला नुसत्या हाताने करता येईल. स्टॉलवर खोका पाऊचपेक्षा अधिक उठून दिसतो, हा आपला वरकड फायदा.

पाऊच ठरवण्याआधी गटात एक प्रयोग करा. प्रत्येक नमुन्यात भट्टीत कोरडे केलेले सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे) सारख्या वजनाचे भरा, सील करा आणि सराफाकडे असतो तशा बारीक काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. नमुने पावसाळ्यात दोन आठवडे स्वयंपाकघरात टांगून पुन्हा तोला. वजन जेवढे वाढले तेवढे पाणी आत शिरले. माल खराब होऊन परत आला तर पाऊचही वाया जाते आणि नागरमोथा, कचोरा, वाळा दळण्याची मेहनतही, म्हणून ही तपासणी मी दाव्यांपेक्षा मोलाची समजतो. सील करताना तोंडाशी पावडर राहिली तर जोड कच्चा राहतो. नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा, आणि दर घाण्यातले एखादे पाऊच पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहा. साबणाच्या वडीला मात्र प्लॅस्टिक नकोच. हाताने केलेल्या साबणातले ग्लिसरीन हवेतली ओल ओढते, बंद पाऊचमध्ये वडीला घाम सुटतो. कागदात गुंडाळून पट्टी लावा.

प्रश्न : सातपूरला आमचा लहान कारखाना आहे. बॉडी लोशन आणि अंगाला लावायचे तेल आम्ही २०० मिलीच्या बाटल्यांत विकतो. आता ४०० मिलीचे, तोटी असलेले रिफिल पाऊच काढायचे आहे. पुरवठादार पॉलिस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथिलीन असे तीन थर सुचवतो. आम्हाला मोनो पीई हवे आहे, पण यंत्रचालक त्याला तयार नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : त्याची तक्रार खरी आहे, आणि ती दूरही करता येते. पॉलिस्टर सुमारे २५० अंशांना वितळते आणि पॉलिथिलीन, जातीप्रमाणे, ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान. नेहमीच्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे चिकटवलेल्या थरांच्या फिल्ममध्ये, बाहेरचे पॉलिस्टर सील करणाऱ्या तापलेल्या जबड्याची उष्णता सहज सोसते आणि आतले पॉलिथिलीन वितळून जोड बसतो, म्हणून चालकाने तापमान दहा-वीस अंश जास्त ठेवले तरी काही बिघडत नाही. मोनो पीईमध्ये आतबाहेर एकाच कुळातले प्लॅस्टिक असल्याने ही मोकळीक संपते. तापमान जरा चढले की बाहेरचा थर जबड्याला चिकटतो, पाऊच सुरकुततो आणि चालकाला बोलणी बसतात. बाहेरचा थर ताणून कडक केलेल्या पॉलिथिलीनचा आणि आतला कमी तापमानाला जुळणारा मागवा, जबड्यांवर टेफ्लॉनची पट्टी लावा, तापमान उतरवून दाब व वेळ थोडा वाढवा, आणि पहिले काही दिवस यंत्राचा वेग कमी राहील हे उत्पादनाच्या हिशेबात आधीच धरा. तसे न करता चालकावर दुप्पट नग मागाल, तर पंधरा दिवसांत जुना रोल यंत्रावर परत चढलेला दिसेल.

लोशन आणि तेल यांना एकाच पाऊचमध्ये कोंबू नका. लोशनमधले पाणी पॉलिथिलीन चांगले धरून ठेवते, तेथे चिंता कमी आहे. तेलाचे तसे नाही. पॉलिथिलीनमधून प्राणवायू आत येत राहतो आणि तेल खवट होते, तर पातळ पॉलिथिलीनमधून तेल हळूहळू पाझरून पाऊच बाहेरून चिकट लागू लागतो. संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलाचा सुगंध असेल तर त्यातले लिमोनीन पॉलिथिलीनमध्ये शोषले जाते, म्हणजे तुमचा महागडा वास पाऊचच्या भिंतीत मुरतो. यावर उपाय म्हणजे मधोमध ईव्हीओएच या प्राणवायू व सुगंध अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा अगदी पातळ थर. एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत तो पुनर्चक्रणात साधारणपणे चालवून घेतला जातो. भरलेले नमुने ४० अंशांना तीन महिने ठेवा, दर पंधरा दिवसांनी वजन करा, वास घ्या, तोटीच्या बुडाशी बोट फिरवा. तेल त्यात टिकले नाही तर ते बाटलीतच राहू द्या. रिफिल सगळ्याच मालाचे असावे असा काही नियम नाही.

तोटी आणि झाकण हे पाऊचमधले सर्वांत जाड प्लॅस्टिक असते, तेव्हा तेही पॉलिथिलीनचेच घ्या. छपाईसाठी रंगागणिक सिलिंडर कोरून घेण्याचा खर्च सुरुवातीला झेपणार नाही. पहिला घाणा डिजिटल छपाईवर काढा. पाऊचवर ठळक अक्षरांत ‘बाटली धुऊन पूर्ण कोरडी करूनच भरावी’ असे लिहा. तळाशी उरलेल्या पाण्यात नवे लोशन ओतले की परिरक्षकाचे प्रमाण पातळ होते, बुरशी धरते, आणि दोष तुमच्या मालाला लागतो. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक पाऊचवर असले तरी जुन्या बाटलीवर जुनेच राहतात, म्हणून पाऊचला काढून बाटलीवर लावता येईल असे लहान लेबल जोडलेत तर उत्तम.

कायद्यापुरते : सूक्ष्म व लघु उद्योगांतल्या ब्रँडमालकांना विस्तारित जबाबदारीच्या २०२२ च्या तत्त्वांतून वगळले आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी रुपये गुंतवणूक व १०० कोटी रुपये उलाढाल अशी आहे. तुम्ही त्यात बसत असाल. पाऊच पुरवणारा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे मात्र विचारून ठेवा.

प्रश्न : त्र्यंबक रस्त्यावर आमची आठ खोल्यांची निवासव्यवस्था आहे. सिंहस्थासाठी शाम्पू व अंगाच्या साबणाच्या पुड्या मोठ्या प्रमाणावर घ्यायच्या आहेत. पर्यावरणपूरक पुडी सुचवाल का?

उत्तर : नाही. पुडीत माल कमी आणि त्या मानाने फिल्म फार. ती इतकी हलकी असते की वेचणाऱ्याला शेकडो गोळा करूनही हाती काही लागत नाही, आणि फाडलेला कोपरा तर आधीच मोरीत वाहून गेलेला असतो. न्हाणीघरात भिंतीला कुलूपबंद डिस्पेन्सर बसवा आणि ५ लिटरच्या एचडीपीई (कडक पॉलिथिलीनच्या) कॅनमधून भरा. रिकामा कॅन भंगारवाला आनंदाने नेतो. डिस्पेन्सर भरण्याआधी दर वेळी धुऊन वाळवा, नुसती भर घालत राहू नका.

प्रश्न : नाशिकरोडला राहते. लोशनची रिकामी पाऊचे धुऊन घंटागाडीत टाकते, पण घरातले म्हणतात की उगाच पाणी वाया घालवतेस. खरे कोणाचे?

उत्तर : थोडे दोघांचेही. आधी पाऊचवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा पाहा. २ किंवा ४ असेल तर पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन; अशा पाऊचला कष्ट घेणे सार्थ आहे. ७ म्हणजे ‘इतर’, आणि पाऊचवर तो बहुधा थरांच्या मिश्रणाचा असतो. त्याला धुण्यात पाणी घालवू नका, सुक्या कचऱ्यात टाका. आकडाच नसेल तर एक पट्टी कापून, आतला बुळबुळीतपणा पुसून पाण्यात बुडवा आणि हवेचे बुडबुडे झटका. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात, पॉलिस्टर बुडते. मिश्र थरांची पट्टी दोन्हीकडे जाऊ शकते, तेव्हा आत चंदेरी दिसले तर तरंगण्यावर विश्वास ठेवू नका.

धुण्याऐवजी पाऊच उभे कापा, भिंतींना चिकटलेले लोशन बोटाने काढून हाताला लावा (दोन-तीन दिवसांचे सहज निघते), आणि भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात खळबळून वाळत घाला. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. मग ही पाऊचे दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात ठेवा. राज्याने मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैशांची परतखरेदी छापण्याची अट घातली होती. ते पन्नास पैसे हातात पडोत न पडोत, किलोभर कोरडा गठ्ठा झाला की भंगारवाला थांबतो. आकडा २ किंवा ४ असलेलीच पाऊचे त्यात घाला, ५ ची वेगळी बांधा, नाहीतर तो सगळा गठ्ठाच परत करील.