परदेशात गेल्यावर ग्राफिक डिझायनरने शिकवायला लागावं का, की त्याने करिअर संपतं?

संपतं हे कोणी सांगितलं तुम्हाला? मुंबईत मी ज्या एजन्सीत होते तिथले आमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर हेच म्हणायचे, ज्याला ब्रीफ, म्हणजे क्लायंटने सांगितलेलं काम, झेपत नाही तो मास्तर होतो. मी इंग्लंडला एम.ए.ला निघाले तेव्हा सेंड-ऑफचा केक कापतानासुद्धा हेच ऐकवलं.

आता मी इथे थोडं शिकवते, बाकी वेळ स्वतःची कामं. मध्ये एका क्लायंटचं आरोग्याचं पत्रक आलं, बऱ्याच भाषांतलं, त्यात हिंदीही. आधीच्या स्टुडिओने इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग, न लावता टेक्स्ट नुसतं पेस्ट केलेलं, त्यामुळे 'चिकित्सा'तल्या वेलांट्या एकेक घर पुढे सरकलेल्या, त चा पाय मोडलेला, आणि वर हेडलाइनला ट्रॅकिंग देऊन, म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवून, शिरोरेषेचे तुकडे! मी सगळं दुरुस्त केलं आणि दोन्ही प्रिंट वर्गात नेले. देवनागरी कोणालाच येत नव्हती. एका पोरीने शिरोरेषेवरून बोट फिरवत तुटलेल्या जागा बरोब्बर दाखवल्या, आणि मग माझ्याच प्रिंटवर विचारलं, ही वरची कमान काही ठिकाणी दांड्यापर्यंत पोचते, काही ठिकाणी आधीच का संपते? वेलांटीची कमान ती, आणि फॉन्टचाच दोष होता तो, पण मी मजकूर वाचत बसले होते, आकार बघतच नव्हते. फॉन्ट बदलला. तेव्हापासून हेडलाइन उलटी धरून तपासल्याशिवाय प्रेसला पाठवत नाही.

अक्षरकार र. कृ. जोशी उल्का या जाहिरात एजन्सीत होते, मग पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. स्विस डिझायनर आर्मिन हॉफमन बाझेलमध्ये वर्षानुवर्षं शिकवत तिथल्या थिएटरची पोस्टर्स करत होते, 1965 मध्ये अहमदाबादला एनआयडी या डिझाइन संस्थेतही शिकवून गेले. यांना ब्रीफ झेपत नव्हतं का, डायरेक्टर सर?

तुमच्यापुरतं बोलायचं तर शिकवा, पण काम सोडून नको, इथे पोर्टफोलिओ जुना झाला की मुलंच विचारत नाहीत. आणि हो, स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स चालत नाही, शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतं, तो सध्या 2 वर्षांचा आहे, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज केलात तर 18 महिनेच. ताशी लेक्चर्सवर वर्क व्हिसासाठी स्पॉन्सरशिपची आशा धरू नका, आणि उन्हाळ्यात लेक्चर्स नाहीत म्हणजे पैसेही नाहीत, तेव्हा जून यायच्या आत एखादा क्लायंट धरून ठेवा.