केळीचा कंटेनर, लेकीचं करिअर आणि विकायला काढलेला अर्धा एकर

करमाळा तालुक्यातल्या एका केळी बागायतदारांचं पत्र आलं आहे. मुलगी राहुरीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. कंदरच्या पॅकहाऊसवरून आखातात जाणारे रीफर (माल थंड राखणारे) कंटेनर ती शाळेत असल्यापासून पाहते, आणि आता ‘एक्स्पोर्टमध्येच जायचं’ म्हणून हटून बसली आहे. पुण्यातलं एक खाजगी कॉलेज इंटरनॅशनल बिझनेसच्या एमबीएला प्रवेश द्यायला तयार आहे. फीसाठी अर्धा एकर विकावा का, मुलीच्या जातीला हे क्षेत्र बरं का, आणि घरचीच केळी आपल्या नावाने बाहेर पाठवता येईल का, असे तीन प्रश्न आहेत. शेवटी जाता जाता एक ओळ: ‘धाकटा फ्रीज-एसीच्या आयटीआयला आहे, त्याचं विशेष काही नाही.’

नमस्कार,

जमीन विकू नका. निदान या पदवीसाठी आणि निदान यंदा तरी नको. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी कंटेनरच्या आत थोडं डोकवावं लागेल.

रीफर कंटेनर गरम माल थंड करत नाही. थंड करून भरलेला माल तसाच राखणं, एवढीच त्याच्या यंत्राची ताकद. उन्हातून आलेली केळी थेट आत भरली तर यंत्र रात्रंदिवस धापा टाकतं आणि मधल्या पेट्या तरीही गरमच राहतात. म्हणून पॅकहाऊसमध्ये फण्या धुऊन, पेट्या भरून आधी प्री-कूलिंग होतं, केळी साधारण साडेतेरा अंशांवर आणली जाते आणि मगच कंटेनर लागतो. तेराच्या बरीच खाली गेली तर साल आतून काळवंडते. गंमत अशी की हे इथे कोणाला दिसतच नाही. तिकडे रायपनिंग चेंबरमध्ये (फळ पिकवायच्या खोलीत) केळी पिवळीधमक व्हायच्या ऐवजी राखट निघते, तेव्हा फोन येतो. उलट तापमान वर गेलं तर माल जहाजातच पिकायला लागतो, आणि एक पेटी पिकली की तिच्यातून निघणारा इथिलीन वायू बाकीच्या वीसेक टनांना पिकवायला घेतो.

गोठवलेल्या मालाचं गणित त्या मानाने सोपं. रत्नागिरीची कोळंबी उणे १८ अंशांवर जाते, ती श्वास घेत नाही, त्यामुळे कंटेनरचं व्हेंट (बाहेरची हवा आत घेणारी झडप) बंद ठेवायचं आणि थंड हवा ढिगाच्या भोवतीने फिरली की झालं. ताजी केळी मात्र श्वास घेते, उष्णता सोडते, कार्बन डायऑक्साइड सोडते. हवा खालच्या खाचांच्या फरशीतून वर, पेट्यांच्या भोकांतून मालात शिरली पाहिजे. भोकांवर भोकं आली नाहीत, किंवा माल भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर रचला, तर यंत्रावर आकडा बरोबर दिसतो आणि आत माल खराब होत असतो. बुकिंगच्या कागदावर अधिक-उणे चिन्हाची एक चूक झाली तर केळी गोठून दगड होते.

पॅकहाऊसवाल्याला, शिपिंग लाइनला, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला जो माणूस हवा असतो तो हे जाणणारा. तुमच्या मुलीकडे कृषीची पदवी असेल, म्हणजे फळ का पिकतं हे तिला ठाऊक आहे. वर्गातल्या दोन वर्षांपेक्षा हातात प्रोब थर्मामीटर घेऊन गराचं तापमान मोजत काढलेलं एक वर्ष तिला जास्त पुढे नेईल. आणि तसं पॅकहाऊस तुमच्या घरापासून लांब नाही. कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातून केळी जवळपास बारा महिने निघते. तिथे क्वालिटीच्या कामाला लागू दे. पगार सुरुवातीला थोडाच असेल, त्यावरून नाउमेद होऊ नका.

वर्षभराने तिला दोन वाटा दिसतील. मालाची आवड टिकली तर कोल्ड चेन आणि क्वालिटीतच पुढे जावं; काढणीपश्चात तंत्रज्ञानात एम.एस्सी. करता येतं, तळेगाव दाभाडेची राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था छोटे अभ्यासक्रम घेते. कागदपत्रांत डोकं चालत असेल तर नवी मुंबईतल्या फ्रेट फॉरवर्डरकडे (माल पाठवायची व्यवस्था लावणारा) किंवा कस्टम ब्रोकरकडे (कस्टमची कागदपत्रं करणारा; आपल्याकडे त्याला अजून सीएचए म्हणतात) जावं. बुकिंग, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), फायटो सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बी.एल. (जहाज कंपनीची मालाची पावती) हे सगळं तिथे हाताखालून जातं. कस्टम ब्रोकरकडे काम करताना कस्टमच्या परीक्षा देत वर चढता येतं, आणि त्या परीक्षांना चांगली किंमत आहे. त्यानंतरही मॅनेजमेंट शिकावंसं वाटलं तर पुण्याची वैकुंठ मेहता संस्था किंवा जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था यांचे कृषी व्यवसायाचे अभ्यासक्रम बघा. तेव्हा ती अनुभव घेऊन जाईल आणि बँकेचं शैक्षणिक कर्ज फेडायची ताकदही तिच्यात असेल.

मुलींबद्दल विचारलंत. पॅकिंगच्या ओळीवर बायका भरपूर असतात, सुपरवायझर आणि लोडिंगवर बहुधा पुरुष. कंटेनर रात्रीबेरात्री भरले जातात हे खरं आहे. नोकरी घेण्याआधी रात्रपाळीला घरी सोडायची गाडी आहे का, राहायची सोय काय आणि तक्रार कोणाकडे करायची, हे मालकाला स्पष्ट विचारा. तुम्ही बागायतदार आहात, तो माल घ्यायला तुमच्याच बांधावर येतो. तुम्ही विचारलंत तर उत्तर देईल.

आता धाकट्याकडे वळतो, कारण त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि मला ती खटकली. प्रत्येक रीफर कंटेनर रिकामा झाला की पुढच्या भरतीआधी त्याच्या यंत्राची तपासणी होते. तिला पीटीआय म्हणतात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, सेन्सर, कंट्रोलर, डिफ्रॉस्ट, सगळं चालवून बघायचं. न्हावाशेवा बंदराभोवती उरण-पनवेल भागात कंटेनर यार्ड आहेत, तिथे हे काम चालतं आणि ते करणारा माणूस रेफ्रिजरेशनच्या आयटीआयमधूनच येतो. घरगुती एसीपेक्षा फरक एवढा, की इथे ४४० व्होल्टच्या आसपासची थ्री-फेज वीज असते आणि कंट्रोलर वाचता यावा लागतो. त्यामुळे थ्री-फेज आणि इलेक्ट्रॉनिक्स पक्कं कर म्हणावं, आणि ॲप्रेंटिसशिप यार्डात किंवा कंटेनरच्या कूलिंग यंत्रांची सर्व्हिस करणाऱ्यांकडे मिळते का बघ. दोघा भावंडांत आधी कमावता तो होईल, असा माझा अंदाज आहे.

एक सावधगिरी. ‘जहाजावर रीफर टेक्निशियन करतो, दोन लाख भरा’ म्हणणारे एजंट त्याला भेटतील. जहाजावर हे काम मुख्यत्वे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आणि इंजिनिअर बघतात, त्यांची पात्रता वेगळी. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचा (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा) परवाना लागतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं नियमबाह्य आहे. पैसे मागितले की उठून यायचं.

उरला घरच्या मालाचा प्रश्न. डीजीएफटीकडून (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढायला ५०० रुपये लागतात, तेवढ्याने निर्यातदार झाल्यासारखं वाटतं. पण पाण्यावर काय होईल ते आपल्या हातात नसतं. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, आणि फळाचं आयुष्य मोजकंच. आखाताची वाट जवळची, तरी तिकडच्या खरेदीदाराने ‘माल पिकलेला आला’ म्हणून निम्मा भाव कापला तर तुम्ही इथून काय करणार? डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र), भरतानाचे फोटो, गराच्या तापमानाच्या नोंदी हातात असतील तरच भांडता येतं. ते पुरावे कसे ठेवायचे हे वर्ष-दोन वर्षांत मुलगी शिकेल. तोवर तुमचा माल निर्यातदारालाच द्या. पुढे स्वतः पाठवायची वेळ येईल तेव्हा पहिला कंटेनर तिच्या देखरेखीखाली भरा आणि निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय दार सील करू नका.