मुरबाड-शहापूरकडे गिधाडं परत आणून सोडली तर लोकांच्या कोंबड्या-शेळ्या उचलतील का?

अहो नाही, गिधाड मेलेलंच खातं, त्याच्या पायात काही उचलून न्यायची पकडच नसते. मुरबाडला आमच्या मामाच्या अंगणातनं कोंबडीची पिल्लं उचलते ती घार, आणि शिव्या मात्र गिधाडाला! खरा प्रश्न वेगळाय, सोडलेली गिधाडं खाणार काय? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेलं जनावर मेलं आणि ते यांनी खाल्लं की किडनी फेल होऊन मरतात, ह्याच्यापायीच पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांच्या वर संपली. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली तरी माणसांसाठीच्या ह्याच औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ ला ३ मिलीचंच पॅकिंग सक्तीचं केलं. माझं स्पष्ट मत, आधी गोठ्यागोठ्यात त्याच्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक पोचवा, ते गिधाडांना चालतं, मगच पिंजरे उघडा. घरी गुरं असतील तर डॉक्टरांना विचाराच, कुठलं इंजेक्शन देताय ते.